बातमी ओपनबीएसडीची, दार उघडं भलत्याच यंत्राचं: एका पतसंस्थेचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची बिगरशेती सहकारी पतसंस्था. मुख्य कार्यालय तालुक्याला, दोन शाखा आठवडी बाजाराच्या गावांत. नाव-गाव मुद्दाम गाळलं आहे, कारण इथे संस्थेपेक्षा तिथे घडलेला क्रम महत्त्वाचा आहे.

३ जुलै २०२४, बुधवार. पेरण्या आटोपल्या होत्या, डवरे सुरू झाले होते. खताचे पैसे, निंदणाची मजुरी, पोरांची फी अशा कारणांनी सकाळपासून काउंटरवर गर्दी. त्या दिवशीच्या जिल्हा आवृत्तीत आतल्या पानावर एक एककॉलमी बातमी आली. तिच्या मथळ्यात ओपनबीएसडी (संगणक चालवणारी एक प्रणाली), दीड कोटीच्या घरातले सर्व्हर आणि बँका या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत बसवल्या होत्या. नऊ वाजेपर्यंत कात्रणाचा फोटो संचालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरला.

एरवी असली बातमी कोणी वाचली नसती. पण मुख्य कार्यालयात लोखंडी कपाटावर एक काळी, हाताच्या पंजाएवढी पेटी आहे आणि तिच्यावर पांढऱ्या कागदी पट्टीवर मार्करने ‘ओपनबीएसडी फायरवॉल – बंद करू नये’ असं लिहिलेलं आहे. फायरवॉल म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी चौकी. धूळ पुसताना रोज ती पट्टी वाचणाऱ्या शिपायानेच मथळ्यातलं नाव ओळखलं. अध्यक्षांनी गावातल्या संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावलं आणि सरळ सांगितलं, “भाऊ, थे पेटीच काढून टाक. पेपरात नाव आलं म्हणजे उद्या ठेवीदार दारात उभे.”

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पतसंस्था बुडाल्याच्या कहाण्या विदर्भात घरोघरी माहीत आहेत. ठेवीदार आधी पैसे काढतो, मग चौकशी करतो. तांत्रिक धोका असो वा नसो, बातमीचा धोका खरा होता.

दुरुस्तीवाला म्हणाला, “काकाजी, दुपारपर्यंत टाइम द्या. पेटी काढली तर मागचं सगळं उघडं पडते.” त्याला मिळालेल्या त्या चार-पाच तासांत जे समोर आलं, ते बातमीत नव्हतं.

बातमी कुठे घसरली

मूळ घटना अशी. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएच या प्रोग्राममधली एक त्रुटी जाहीर केली. क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७, टोपणनाव ‘रिग्रेशन’. ओपनएसएसएच म्हणजे दूरच्या संगणकात कुलूपबंद वाटेने शिरण्याचं साधन. जगातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर ते असतं. ते लिहितात ओपनबीएसडीचेच लोक. १९९९ पासून तो त्यांचा प्रकल्प आहे.

घोळ इथेच झाला. मूळ इंग्रजी वाक्यात ‘ओपनबीएसडी प्रकल्पाचं ओपनएसएसएच, ग्लिबसी वापरणाऱ्या लिनक्सवर’ अशी लांबलचक साखळी असते. (ग्लिबसी म्हणजे बहुतेक लिनक्स प्रोग्राम ज्यावर उभे असतात तो पायाभूत कोड.) भाषांतराच्या टेबलावर मथळ्याला सात-आठ शब्दांची जागा. अनोळखी नावांतून एकच ठेवायचं म्हटल्यावर ओपनबीएसडी उरलं आणि लिनक्स उडालं. नांगर बनवणाऱ्या लोहाराचं नाव छापून आलं, नांगर कोणाच्या वावरात मोडला ते राहून गेलं.

प्रत्यक्षात ओपनबीएसडीवर ही त्रुटी चालतच नाही, आणि कारण नेमकं आहे. कोणी एसएसएचला जोडणी केली आणि ठरलेल्या वेळात, मुळात १२० सेकंदांत, ओळख पटवली नाही की आतला गजर वाजतो आणि त्या गजराचा हस्तक नोंदवहीत एक ओळ लिहितो. लिनक्सवर ती ओळ लिहिणारं फंक्शन मध्येच मेमरी मागू किंवा सोडू शकतं. नेमक्या त्याच क्षणी मुख्य प्रोग्रामही मेमरीची उलथापालथ करत असेल तर हिशेब विस्कटतो आणि त्या फटीतून रूटचा, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाराचा, ताबा मिळवता येतो. ओपनबीएसडीत त्या जागी ‘सिसलॉग_आर’ हे वेगळं फंक्शन आहे. गजराच्या हस्तकातून बिनधोक बोलावता यावं म्हणून त्यांनी ते २००१ मध्येच बनवलं होतं. म्हणजे बातमी आली त्याच्या तेवीस वर्षं आधी त्यांनी आपलं दार लावून घेतलेलं होतं.

टोपणनावातला ‘रिग्रेशन’, म्हणजे मागे घसरणं, हाही समजून घेण्यासारखा आहे. हीच त्रुटी २००६ मध्ये एकदा सापडून दुरुस्त झाली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कोडची फेरमांडणी करताना संरक्षणाची ती ओळ चुकून गळाली. म्हणून ८.५पी१ पासून ९.७पी१ पर्यंतच्या आवृत्त्या बाधित, ९.८पी१ मध्ये दुरुस्ती.

या आकड्यांतल्या ‘पी’कडे वाचकाने जरूर बघावं, कारण गंमत तिथेच आहे. ‘पी’ म्हणजे पोर्टेबल: ओपनबीएसडीबाहेरच्या, लिनक्स वगैरे प्रणालींसाठी जुळवून दिलेली आवृत्ती. ओपनबीएसडीच्या स्वतःच्या आवृत्तीला ‘पी’ नसतो. त्या कात्रणातही ‘८.५पी१’ असंच छापलेलं होतं. मथळा चुकला तरी आतला आकडा खरं बोलत होता.

मथळ्यातल्या ‘दीड कोटी’मागचा १.४ कोटी हा आकडाही क्वालिसच्याच निवेदनातला, पण त्याआधी ‘संभाव्य’ हा शब्द होता. इंटरनेटवर चाचपणी करून, बाहेरून दिसणाऱ्या आवृत्तीवरून मोजलेली ती संख्या. त्यातल्या प्रत्येक यंत्रात घुसता येतंच असं नाही. त्यांच्या स्वतःच्या ग्राहकांत, इंटरनेटकडे तोंड असलेली अशी यंत्रं सुमारे ७ लाख निघाली होती. मराठी बातमीत ‘संभाव्य’ गळाला, आणि उरलेला आकडा छातीवर बसला.

तपासणी: आधी बाहेरून, मग आतून

दुरुस्तीवाल्याने पेटीला हात लावण्याआधी मोबाइलचं हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडून बाहेरून सुरुवात केली. हा क्रम महत्त्वाचा. कार्यालयाच्याच वायफायवरून संस्थेचा सार्वजनिक पत्ता तपासला तर पोर्ट (जोडणी स्वीकारणारं क्रमांकाचं दार) बंद दिसतो, कारण पोर्ट वळवण्याचा नियम फक्त बाहेरच्या नेटवर्क कार्डावरून आलेल्या जोडणीला लागू असतो. आतून बघणाऱ्याला वाटतं सगळं बंद आहे, आणि तो निश्चिंत होऊन जेवायला जातो.

बाहेरून २२ क्रमांकाचं पोर्ट गप्प होतं. २२२२ ने मात्र उत्तर दिलं. एसएसएचचा सर्व्हर जोडणी होताच आपली ओळखीची एक ओळ स्वतःहून पाठवतो. आलेली ओळ अशी: ओपनएसएसएच ९.२पी१, डेबियन, २+डेब१२यू२.

‘पी’ होता, आणि डेबियन म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. म्हणजे उत्तर काळ्या पेटीचं नव्हतं, पेटीच्या मागून कोणीतरी बोलत होतं.

मग पेटीला कीबोर्ड-मॉनिटर लावून पीएफचे, म्हणजे ओपनबीएसडीच्या फायरवॉलचे, नियम वाचले. सगळे मिळून तीसेक ओळी. सुरुवातीला ‘सगळं अडवा’, मग मोजक्या परवानग्या, आणि खाली एक ओळ: बाहेरच्या कार्डावर पोर्ट २२२२ ला आलेली जोडणी आतल्या १९२.१६८.१०.५ च्या पोर्ट २२ कडे वळवा. कोणाकडून आलेली, याची अट नाही. साऱ्या जगाला मुभा.

आतला .५ म्हणजे मागच्या खोलीत, जुन्या पासबुक प्रिंटरच्या खाली ठेवलेला संगणक. दोन्ही शाखा रोज संध्याकाळी दिवसाच्या हिशेबाची प्रत एसएसएचवरून त्याच्यावर पाठवतात. शाखांचे इंटरनेट पत्ते बदलते, म्हणून ‘फक्त अमुक पत्त्यालाच सोडा’ असा नियम टाकता आला नव्हता, आणि दार सताड उघडं ठेवलं गेलं होतं. यंत्र इतकं जुनं की त्यावर ३२ बिटांचं डेबियन १२ चालवलं होतं.

इथे प्रकरण गंभीर झालं. क्वालिसने प्रयोगशाळेत ज्या यंत्रांवर हल्ला यशस्वी करून दाखवला, त्यांत ३२ बिटांचं डेबियन १२.५ होतं आणि त्यातली ओपनएसएसएचची आवृत्ती अक्षर न अक्षर हीच: ९.२पी१, डेब१२यू२. ६४ बिटांवर हल्ला शक्य असावा असं त्यांचं मत होतं, पण तो त्यांनी करून दाखवला नव्हता. बातमीतल्या त्रुटीचा पाठ्यपुस्तकी नमुना प्रिंटरच्या खाली बसलेला होता, आणि संशय मात्र कपाटावरच्या पेटीवर.

अध्यक्षांच्या सांगण्याप्रमाणे पेटी काढली असती तर? फायबरची तार सरळ कंपनीने दिलेल्या राउटरला गेली असती. संध्याकाळी शाखांची प्रत पोहोचली नाही म्हणून बोंब झाली असती, आणि कोणीतरी राउटरमध्ये तेच पोर्ट त्याच यंत्राकडे पुन्हा वळवून दिलं असतं. भोक तसंच राहिलं असतं, वर ‘सगळं अडवा’ हा नियमही गेला असता.

धोका किती, याचं गणित

संशोधकांच्या मोजणीनुसार ३२ बिटांवर सरासरी सुमारे १०,००० प्रयत्नांनंतर एकदा वेळ साधते. सर्व्हर ओळख न पटलेल्या १०० जोडण्या एकाच वेळी धरून ठेवू शकतो आणि प्रत्येक जोडणी १२० सेकंद टिकते. म्हणजे १०० फेऱ्या, प्रत्येकी दोन मिनिटं: साधारण ३ तास २० मिनिटं. शिवाय ग्लिबसी मेमरीत कुठे बसलं आहे याचा अंदाज निम्म्या वेळाच बरोबर येतो, म्हणून दुप्पट. एकूण सहा ते आठ तास. रात्री दहाला सुरुवात केली तर झाडलोट होण्याच्या आत काम फत्ते.

एका पत्त्यावरून एका वेळी पाचच जोडण्या असं बंधन पीएफमध्ये टाकलं तर तेच काम एका हल्लेखोराला साडेपाच दिवसांवर जातं. बंधन चांगलंच आहे, पण त्याला दुरुस्ती समजू नये. वीस पत्ते वापरणाऱ्यापुढे ते पुन्हा तासांवर येतं.

या हल्ल्याचा एक गुण बचाव करणाऱ्याच्या फायद्याचा: तो गुपचूप होत नाही. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नामागे ‘ओळख पटण्याआधी वेळ संपली’ अशा अर्थाची एक ओळ नोंदीत पडते. दहा हजार प्रयत्न म्हणजे तशा हजारो ओळी. डेबियन १२ मध्ये या नोंदी जर्नल नावाच्या एकत्र नोंदवहीत असतात. जुन्या सवयीने ऑथ-लॉगची फाइल शोधणाऱ्याला ती बहुधा सापडत नाही आणि ‘नोंदीच नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. इथे जर्नल चाळल्यावर तशा ओळी दिवसाला दोन-चार निघाल्या, म्हणजे इंटरनेटवर रोज फिरणाऱ्या चाचपणीएवढ्याच. ओळींचा पूर कुठल्याच रात्री नव्हता.

त्याच दुपारी केलेलं काम

आधी पीएफमधली २२२२ ची ओळ बंद करून नियम पुन्हा चढवले. चढवण्यापूर्वी फाइलची नुसती तपासणी करणारा पर्याय वापरावा; एखादा कंस चुकला तर नवे नियम चढत नाहीत, जुनेच चालू राहतात आणि आपण मात्र काम झालं समजून निघून जातो. आधीपासून उघड्या असलेल्या जोडण्या नियम बदलल्याने तुटत नाहीत, त्यामुळे त्या यंत्राकडच्या चालू नोंदीही पीएफसीटीएल या आज्ञेने पुसल्या. ही पायरी हमखास विसरली जाते.

मग डेबियनची दुरुस्ती. पॅकेजची यादी ताजी केली, फक्त ओपनएसएसएच सर्व्हर अद्ययावत केला. पाच मिनिटांचं काम. आवृत्ती झाली ९.२पी१, डेब१२यू३.

संचालकांपैकी एक जण बातमी हातात घेऊन उभे होते. त्यांनी बरोबर बोट ठेवलं: पेपरात ९.८ लागते म्हणतात, आणि इथे तर ९.२ च आहे. डेबियन अशा वेळी नवी आवृत्ती आणत नाही, जुन्यालाच ठिगळ लावतं. फरक शेवटच्या यू२ आणि यू३ मध्ये असतो. नुसता पुढचा आकडा पाहून यंत्र बाधित ठरवणारे, आणि उलट, नेटवरून ९.८ उतरवून स्वतः बसवण्याच्या नादात सर्व्हर बिघडवून ठेवणारे, दोघेही याच जागी ठेचकाळतात.

ठिगळ लगेच मिळण्यासारखं नसेल तर तात्पुरता उपाय म्हणजे एसएसएचच्या सेटिंगमध्ये लॉगिनग्रेसटाइम शून्य करणं. गजरच वाजत नाही, म्हणून फट उघडत नाही. किंमत अशी की कोणीही १०० जोडण्या उघडून तशाच ठेवल्या की खऱ्या माणसाला आत येता येत नाही. रात्र काढायला ठीक.

संध्याकाळी शाखांची प्रत आली नाही. दोन दिवस शाखेतून पेनड्राइव्ह एसटीच्या कंडक्टरच्या हाती न देता कर्मचाऱ्यानेच आणावा, असं ठरलं.

बातमीदार आला तेव्हा

गुरुवारी त्याच दैनिकाचा तालुका बातमीदार आला. त्याचा प्रश्न सरळ होता: तुमच्याकडे हे ओपनबीएसडी आहे म्हणतात, खरं का?

अशा वेळी संस्था दोन टोकांच्या चुका करतात. एक, ‘प्रतिक्रिया देण्यास नकार’. तो छापून आला की वाचणारा काय समजायचं ते समजतो. दुसरी, ‘आमची यंत्रणा शंभर टक्के सुरक्षित’. हे विधान पुढे कधीही गळ्याशी येऊ शकतं, आणि संगणक समजणारा बातमीदार तिथेच पेन सरसावतो. संस्थेने लेखी चार वाक्यं दिली:

“संस्थेच्या मुख्य हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत इंटरनेटवरून थेट पोहोचता येत नाही. बातमीतल्या त्रुटीशी संबंध असलेला एक दुय्यम संगणक आमच्याकडे होता. बातमी आली त्याच दिवशी तो बाहेरच्या जोडणीतून काढून दुरुस्त केला. त्याच्या नोंदी तपासल्या असता घुसखोरीची खूण आढळली नाही.”

दुसऱ्या वाक्यावर संचालकांत बरीच वादावादी झाली. होतं म्हणून कशाला सांगायचं? सांगितलेलं बरं ठरलं, कारण दुरुस्तीवाला बुधवारी दिवसभर तिथे होता हे बाजारात सगळ्यांना दिसलेलं होतं. चौथ्यात ‘घुसखोरी झाली नाही’ असं न म्हणता ‘खूण आढळली नाही’ म्हटलं, आणि ते तसंच असायला हवं. नोंदीवरून एवढंच सांगता येतं. पोर्टचा क्रमांक, आवृत्ती, फायरवॉल कोणती, यातलं काहीही निवेदनात नव्हतं.

घुसखोरी सापडली असती तर वेगळाच नियम लागू झाला असता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. ओपनबीएसडी मुळात लॉगिनच्या नोंदीची फाइल आठवड्याला बदलतं आणि जुन्या सातच ठेवतं, म्हणजे जेमतेम ४९ दिवस. न्यूसिसलॉगच्या फाइलीत त्या ७ चे २८ केले की १९६ दिवस होतात. एका आकड्याचा बदल.

बातमीदाराला एक गोष्ट तोंडी समजावली: ओपनबीएसडीचं नाव बातमीत का येतं ते. ही प्रणाली फार थोड्या लोकांच्या टेबलावर आहे, पण तिच्या बातम्या होतात, आणि जवळजवळ दर वेळी कारण प्रणालीच्या कोडबाहेरचं असतं. १९९५ मध्ये थिओ दि राट यांनी कॅनडातल्या कॅल्गरीतून हा प्रकल्प सुरू केला. २००३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेकडून प्रकल्पाला वीस लाख डॉलरच्या घरातला निधी मिळत होता. इराक युद्ध चालू असताना दि राट एका कॅनडियन दैनिकाशी बोलले, की या पैशामुळे अर्धं क्रूझ क्षेपणास्त्र कमी बनतं अशी आपण मनाची समजूत घालतो. थोड्याच दिवसांत तो निधी थांबला. डिसेंबर २०१० मध्ये एकाने पत्र लिहून दावा केला की एफबीआयने दहा वर्षांपूर्वी त्यात चोरदरवाजा घालून घेतला. दि राट यांनी ते पत्र स्वतःच जाहीर केलं आणि कोड तपासायला सगळ्यांना बोलावलं. किरकोळ दोष निघाले, चोरदरवाज्याचा पुरावा निघाला नाही. आरोपाची बातमी मोठी झाली, तपासणीच्या निकालाची लहान. जानेवारी २०१४ मध्ये तर बातमी होती वीजबिलाची: सर्व्हर चालवायला वर्षाला २०,००० डॉलरची वीज लागते आणि तेवढे पैसे नाहीत. छापून आल्यावर ते जमले.

प्रकल्पाच्या मुखपानावरचं ब्रीदही पत्रकारांना आवडतं: मूळ मांडणीत, फार मोठ्या काळात, दुरून घुसता येण्याजोगी दोनच भोकं. त्यातला ‘मूळ मांडणीत’ हा शब्द बातमीत बहुधा उडतो, आणि सगळा अर्थ त्यातच आहे. नवी बसवलेली प्रणाली बाहेरच्या जगाला जवळजवळ काहीच उघडं ठेवत नाही. पुढे आपण पोर्ट २२२२ उघडून मागे जुनं यंत्र बसवलं तर ते पाप ब्रीदाच्या खात्यात जमा होत नाही.

पेटीची स्वतःची खोट

एवढं सगळं पेटीच्या बाजूने निघालं, तरी तिचंही एक खरं दुखणं सापडलं आणि ते बातमीत कुठेच नव्हतं. तिच्यावर ७.३ ही आवृत्ती होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या एका सभासदाच्या मुलाने २०२३ च्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला असताना ती बसवून दिली होती, तेव्हा ती ताजी होती. ओपनबीएसडीची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि दुरुस्त्या फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतात. ५ एप्रिल २०२४ ला ७.५ आली आणि ७.३ वाऱ्यावर पडली. म्हणजे तीन महिने ही पेटी बिनदुरुस्तीची चालत होती. ‘बंद करू नये’ असं लिहिलेलं असल्याने तिला कोणी हातच लावला नव्हता.

रविवारी, ७ जुलैला, काउंटर बंद असताना चढती केली, म्हणजे पेटी नव्या आवृत्तीवर नेली. सिसअपग्रेड ही आज्ञा एका वेळी एकच पायरी चढते, म्हणून ७.३ वरून ७.४ आणि तिथून ७.५ अशा दोन फेऱ्या. सुरू करण्याआधी पेटीतली ईटीसी (सेटिंगच्या फाइलींची) निर्देशिका पेनड्राइव्हवर बांधून घेतली, दुसऱ्या पेनड्राइव्हवर ७.५ ची प्रतिष्ठापना प्रत तयार ठेवली. /होम मध्ये एक जीबी मोकळी आहे का ते पाहिलं, कारण सहा-सातशे एमबीच्या फाइली आधी तिथेच उतरतात. /यूएसआर हा विभाग निदान १.१ जीबीचा असावा. तो भरला तर चढती अर्ध्यावर फसते आणि पुढचे संदेश भलतीकडेच नेतात.

जुलैत विदर्भात वारा-पाऊस आला की लाईट जाते, हे गृहीत धरूनच चालावं. फाइली उतरताना गेली तर काही बिघडत नाही, आज्ञा पुन्हा द्यायची. खरी नाजूक वेळ पेटी स्वतःहून बंद-चालू होऊन फाइली उलगडते ती, दहा-पंधरा मिनिटांची. म्हणून पेटी, राउटर आणि मॉनिटर इन्व्हर्टरवर घेतले. पंखे बंद ठेवून बॅटरी त्यांच्यासाठी राखली. तरीही तेव्हा लाईट गेली आणि पेटी उठली नाहीच, तर तयार ठेवलेल्या पेनड्राइव्हवरून सुरू करून ‘अपग्रेड’ निवडायचं. नव्याने बसवण्याची गरज पडत नाही.

चढतीनंतर पहिल्यांदा सुरू होताना पेटी लायब्ररींची आणि कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, नव्याने जुळणी करते. जुन्या, संथ यंत्रावर पडदा काही मिनिटं एकाच ओळीवर थांबलेला दिसतो. इथेच माणूस ‘हँग झाली’ म्हणून प्लग ओढतो. व्यवस्थापकांचा हात दोनदा स्विचकडे गेला होता.

दुसऱ्या फेरीनंतर सिसमर्जने बदललेल्या सेटिंग जुळवल्या, पॅकेज अद्ययावत केले आणि सिसपॅचने उरलेली ठिगळं लावली. ओपनएसएसएच ९.८ सोबत आणखी एक लहान दोष दुरुस्त झाला होता: कळा टाइप करतानाची लय लपवणारी सोय ९.५ ते ९.७ मध्ये उलटी वागत होती. तो दोष ‘पी’ नसलेल्या आवृत्तीतही होता. त्याची मात्र फारशी बातमी झाली नाही.

शाखांसाठी उघडं पोर्ट परत आणलं नाही. ओपनबीएसडीच्या कर्नलमध्ये वायरगार्ड (इंटरनेटवरून दोन यंत्रांत कुलूपबंद खासगी वाट तयार करणारी सोय) ६.८ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून, आहेच. पेटीवर एक यूडीपी पोर्ट, प्रत्येक शाखेला स्वतंत्र किल्ली, आणि शाखेच्या बाजूने दर २५ सेकंदांनी एक हलका संदेश, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे असूनही वाट उघडी राहते. किल्लीची गुप्त बाजू ज्या यंत्रावर बनली तिथेच राहू द्यावी. व्हॉट्सॲपवर फक्त सार्वजनिक बाजू पाठवावी.

तरी एका शाखेची वाट दर दोन-तीन दिवसांनी बंद पडू लागली. किल्ल्या बरोबर, नियम बरोबर. तिथल्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला होता. लाईट गेली की घड्याळ काही वर्षं मागे जाई. वायरगार्ड प्रत्येक हस्तांदोलनात वेळेचा शिक्का पाहतं. आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना आला की जुनंच पाकीट कोणी पुन्हा पाठवतंय असं समजून मुकाट्याने टाकून देतं. त्याची चूक म्हणून पडद्यावर काही येत नाही. बसस्टँडवरच्या घड्याळवाल्याकडून नवा सेल आणून घातला आणि तक्रार संपली.

संस्थेचा खुलासा पुढच्या आठवड्यात छापून आला, चार ओळी, पान पाच, खताच्या जाहिरातीखाली. त्यात प्रणालीचं नाव ‘ओपन बीएसएनएल’ झालं होतं. अध्यक्षांनी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही. ठेवीदारांपैकी दोघे-तिघेच विचारायला आले, आणि त्यातल्या एकाला खरं तर मुदत ठेवीचा व्याजदर विचारायचा होता.

३२ बिटांचं ते यंत्र दिवाळीआधी बदललं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं ते ३२ बिटांच्या पीसीसाठी कर्नल आणि प्रतिष्ठापना प्रत न देताच, त्यामुळे ते यंत्र ठेवूनही चढतीची वाट बंदच झाली असती. हार्ड डिस्क काढून ड्रिलने तीन भोकं पाडली, पत्र्याचा डबा भंगारात गेला, आणि कपाटावरच्या पट्टीवर ‘बंद करू नये’च्या खाली व्यवस्थापकांनी नव्या मार्करने लिहिलं: ‘मे आणि नोव्हेंबर – चढती करणे’.